केंद्राध्यक्ष नेमकं करतो काय?

विधानसभेच्या मतदानाला गेल्यावर शाळेच्या वर्गात कागद-पाकिटांच्या पसाऱ्यात बसलेला दिसतो तो केंद्राध्यक्ष. एरवी तो हायस्कूलचा मास्तर असेल किंवा पाटबंधारे खात्यातला अभियंता. या कामासाठी वेगळी पदवी लागत नाही की परीक्षा. जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी, हुद्दा आणि वेतनश्रेणी पाहून त्याला नेमतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 26 नुसार त्या निवडणुकीत उमेदवाराचं काम करणारा माणूस मात्र चालत नाही. कुणाला कुठलं केंद्र, हे संगणकावरच्या सरमिसळीतून ठरतं.

मतदान सकाळी सातला असेल, तर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, साडेपाचला. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटण दाबून. मग कंट्रोल युनिटवर क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने. मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. पहाटेच्या घाईत चुकतं ते इथेच: निकाल जुळला म्हणून सगळे निश्चिंत होतात, क्लिअर राहून जातं आणि चाचणीची मतं यंत्रातच राहतात.

पुढे यादी तपासणं, शाई लावणं, सही घेणं ही कामं मतदान अधिकारी करतात. केंद्राध्यक्षाची कसोटी लागते ती तंट्यात. एखाद्या बाईंच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असतं. त्यांना परत पाठवायचं नाही. ओळख पटवून कागदी मतपत्रिका द्यायची. हे प्रदत्त मत. ते मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात राहतं. एखाद्या प्रतिनिधीने ‘हा मतदार तो नव्हेच’ असा आक्षेप घेतला, तर आधी त्याच्याकडून दोन रुपये घ्यायचे आणि तिथल्या तिथे चौकशी करायची. आक्षेप उगाच घेतलेला निघाला तर पैसे जप्त, खरा ठरला तर तोतया पोलिसांच्या हवाली. दोन रुपयांत आज चहाही येत नाही, तरी नियमातला आकडा तोच आहे.

सहाला मतदानाची वेळ संपली की रांगेतल्यांना सहीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, त्याही शेवटच्या माणसापासून पुढे येत, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. हातात चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मतदान झाल्याशिवाय यंत्र बंद करायचं नाही.

मग भरायचा ‘सतरा सी’: किती मतं नोंदली गेली याचा हिशेब. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची. मतमोजणीला यंत्रातला आकडा याच कागदाशी ताडून पाहतात. सकाळचं क्लिअर राहिलं असेल, तर फरक तिथे उघडा पडतो. ते यंत्र मग बाजूला ठेवतात, आणि विजयाचं अंतर त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी भरलं तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या एकेक करून मोजाव्या लागतात.