दाते अनेक, गाव एक : विकासकार्यातील समन्वयाविषयी थोडेसे

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. एके काळी ते एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. आज ते गोंदिया तालुक्यातील एक खेडे म्हणून ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा तलावांचा जिल्हा हा लौकिकही या दोन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला आला. कोहळी समाजाने व गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव या भूभागात आहेत. तलावाची पाळ एक, पाणी एक. शेते मात्र अनेकांची. आधी कोणाच्या बांधीत पाणी जावे हे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवले असते तर वरची शेते तुडुंब भरली असती आणि खालच्या टोकाचे धान वाळून गेले असते. म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागल्या आणि त्या सर्वांना मान्य कराव्या लागल्या.

वाचकहो, गावात बाहेरून येणाऱ्या विकासनिधीलाही हाच नियम लागू पडतो. तो जर्मनीतून येवो, जागतिक बँकेकडून येवो, शासनाच्या तिजोरीतून येवो अथवा एखाद्या धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेमार्फत येवो, तो देणारे अनेक असतात आणि तो जिरतो ते गाव मात्र एकच असते. अनेक दात्यांच्या मदतीचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत गावातील सर्वांत दुबळे माणूस मोजत असते. म्हणूनच या विषयाची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कामठ्यासारख्या गावात एकाच वर्षी चार संस्था दाखल झाल्या. एक पाण्याचे काम करणारी, दुसरी महिला बचत गटांचे, तिसरी आरोग्याचे आणि चौथी शाळेच्या शौचालयाचे. चौघींचेही हेतू उत्तम आहेत. परंतु प्रत्येकीचे सर्वेक्षण वेगळे, नोंदवही वेगळी, समिती वेगळी आणि अहवाल पाठवण्याची तारीख वेगळी. एकाच घरातील बाईला घरात माणसे किती, जमीन किती, शेळ्या किती, हे चार वेळा सांगावे लागते. चार समित्यांवर फिरून फिरून तीच पाच-सहा नावे येतात, कारण सही करणारी आणि बैठकीला वेळ देऊ शकणारी माणसे तेवढीच. ऐन रोवणीच्या दिवसांत बैठका लागतात. एका वस्तीत दोन हातपंप होतात, दुसरीत एकही होत नाही.

आणि गावाच्या टोकाला राहणारी, ना जमीन ना गट असलेली विधवा? तिचे नाव चौघींपैकी कोणाच्याच यादीत नसते. प्रत्येक संस्थेला वाटते की ती दुसऱ्या संस्थेच्या यादीत असेल. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अशा विकासाला नेमकी लागू पडते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत डझनावारी दाते एकाच खात्याचे दार ठोठावत आणि तेथील अधिकाऱ्यांचा वेळ पाहुण्यांच्या शिष्टमंडळांना उत्तरे देण्यातच खर्ची पडे. २००३ मध्ये रोम येथे आणि त्यानंतर २ मार्च २००५ रोजी पॅरिस येथे दाते व मदत घेणारे देश एकत्र बसले. पॅरिसच्या जाहीरनाम्यात पाच तत्त्वे मान्य झाली. विकासाची दिशा त्या त्या देशाने स्वतः ठरवावी. दात्यांनी त्या देशाच्या धोरणाला व व्यवस्थेला धरून चालावे. दात्यांनी आपापसांत सुसूत्रता राखावी. खर्चापेक्षा परिणामाकडे पाहावे. आणि देणारा व घेणारा या दोघांनीही एकमेकांना हिशेब द्यावा. २००८ मध्ये घानातील आक्रा येथे आणि २०११ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे याच विचाराची उजळणी झाली व स्वयंसेवी संस्थांनाही चर्चेत स्थान मिळाले.

आपल्या देशानेही २००३ मध्ये एक वेगळे पाऊल उचलले. छोट्या प्रमाणावर मदत देणाऱ्या अनेक देशांकडून सरकारी पातळीवर नवे साहाय्य न घेण्याचे केंद्र सरकारने ठरवले आणि अशा देशांनी स्वयंसेवी वा बहुपक्षीय संस्थांमार्फत मदत करावी, असे सुचवले. पुढे २००४ मध्ये या निर्णयात काही शिथिलता आली. तरी त्यामागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. लहान लहान मदतींची संख्या वाढली की त्या सांभाळण्याचे कष्ट मदतीच्या मानाने जड होतात.

महाराष्ट्राने या विषयाचा सर्वांत कठोर धडा घेतला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. देशविदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. १९९४ मध्ये बँकेने त्यासाठी सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. ब्रिटनचे शासन, संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम, धर्मादाय संस्था, वृत्तपत्रे, उद्योगसमूह असे अनेक हात या कामाला लागले. पूर्णपणे नव्या जागी वसवायची गावे ५२ होती आणि त्यांतील अनेक गावे देणगीदारांनी दत्तक घेतली.

येथे समन्वयाच्या दोन बाजू दिसून आल्या. शासनाने काही गोष्टी सर्वांसाठी एकसारख्या ठरवल्या. नव्या घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट असावे, हा नियम त्यांपैकीच. परंतु घराचा घाट, गावाची मांडणी आणि लोकांचा सहभाग यांबाबत दात्यागणिक फरक पडला. एका गावात तर घुमटाकार घरे उभी राहिली. वाड्यात वाढलेल्या, ओसरी आणि परस यांची सवय असलेल्या शेतकऱ्याला त्या गोल भिंतींशी जुळवून घेणे अवघड गेले. कित्येक नवी गावे शहरातील वसाहतीसारखी सरळ रेषांत आखली गेली. भाऊबंदांची घरे दूर गेली आणि शेतेही लांब पडली. घर मिळाले, परंतु ते कसे हवे हे विचारले गेले नाही, अशी खंत अनेकांच्या मनात राहिली.

याउलट, कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांत जी पद्धत अवलंबली गेली ती आजही अभ्यासली जाते. तेथे घरमालकाला टप्प्याटप्प्याने अनुदान देण्यात आले आणि दुरुस्ती व मजबुतीकरण त्याने स्वतः करून घ्यायचे असे ठरले. शासन आणि गाव यांच्यामधील दुवा म्हणून गावातीलच स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम हजाराहून अधिक गावांत उभे केले. अनुदानाचा हप्ता का अडला, सिमेंट कधी येणार, भिंत कशी बांधावी, या प्रश्नांची उत्तरे शेजारच्याच घरातील बाई देऊ लागली. समन्वय जेव्हा गावाच्या बाजूने होतो तेव्हा तो कसा असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे उदाहरण पाणीपुरवठ्याचे. २७ जुलै २००० च्या शासन निर्णयाने राज्याने मागणीवर आधारित धोरण स्वीकारले. योजना गावाने मागावी, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने उचलावा, आदिवासी गावांसाठी तो पाच टक्के असावा आणि देखभाल गावानेच करावी, असे ठरले. त्यानंतर दात्यांमध्ये जिल्हे वाटून देण्यात आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला जलस्वराज्य प्रकल्प २६ जिल्ह्यांत राबवला गेला. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या तीन जिल्ह्यांत जर्मन विकास बँकेच्या साहाय्याने ‘आपलं पाणी’ हा प्रकल्प आला. अमरावती, धुळे, नांदेड व रायगड हे चार जिल्हे केंद्राच्या सुधारणा कार्यक्रमाखाली होते. गोंदिया जिल्हा जलस्वराज्यच्या वाट्याला आला. दाते वेगवेगळे असले तरी धोरण राज्याचे एकच होते. पाहुणे कितीही असोत, घराचे रीतिरिवाज यजमानाने ठरवायचे असतात, हेच त्यातून दिसून आले.

तिसरे उदाहरण आपल्या ख्रिस्ती वाचकांना जवळचे वाटेल. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आपले आयुष्य अहमदनगर परिसरातील दुष्काळी गावांसाठी वाहिले. त्यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात अनेक संस्था होत्या. परंतु प्रत्येकीचे काम ठरलेले होते. जर्मन विकास बँकेचा निधी नाबार्डमार्फत येई. जर्मनीच्या तांत्रिक सहकार्य संस्थेचे साहाय्य लोकांच्या प्रशिक्षणासाठी असे आणि ते काम १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था पाही. शासनाने धोरणात्मक मान्यता दिली, वनखात्याने आपल्या जमिनीवर कामास वाट करून दिली, स्थानिक स्वयंसेवी संस्था गावासोबत राहिली. निधी ज्या बँक खात्यात जमा होई ते खाते गावची पाणलोट समिती आणि ती संस्था मिळून चालवीत.

या सर्वांआधी गावाला आपली तयारी सिद्ध करावी लागे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या अटी गावाने मान्य केल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नसे. प्रत्येक शेताचा आराखडा पती व पत्नी या दोघांनाही सोबत घेऊन शेतातच उभे राहून केला जाई. एवढे दाते आणि एवढी खाती असूनही गावासमोर आराखडा एकच आला. २०२१ मध्ये फादर बाखर यांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेली ही शिस्त मात्र अनेक गावांच्या अंगवळणी पडली आहे.

आजची परिस्थिती थोडी निराळी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. विदेशी देणगी स्वीकारणाऱ्या संस्थेला ती आता दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्द करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आणि देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यात घेणे बंधनकारक झाले. पूर्वी एखादी मोठी संस्था अनेक दात्यांचा निधी एकत्र करून खेड्यातील लहान संस्थांना वाटून देत असे आणि समन्वय आपोआप साधला जाई. तो मार्ग आता बंद झाला आहे. शिवाय दाता कायमचा नसतो. अमेरिकेच्या शासनाची विदेशी मदत देणारी मोठी संस्था यूएसएड हिचे कार्य १ जुलै २०२५ पासून थांबले आणि जगभरातील अनेक प्रकल्प अर्ध्यावर राहिले. ज्या गावाचा आराखडा दात्याच्या फाईलमध्ये असतो, त्या गावाचा आराखडा दात्यासोबतच निघून जातो.

म्हणून आराखडा गावाजवळ असला पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीने विकास आराखडा तयार करावयाचा असतो आणि तो ग्रामसभेपुढे यावयाचा असतो. आमचे म्हणणे एवढेच की, गावात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती विदेशी निधीवर चालणारी असो, कंपनीची असो वा आमच्या धर्मप्रांताची असो, प्रथम हा आराखडा वाचावा आणि आपले काम त्यात कोठे बसते हे ग्रामसभेत उभे राहून सांगावे. किती पैसे आले, कोठून आले आणि कशावर खर्च झाले, हे पंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावे. सर्वेक्षण एकदाच करावे आणि ते सर्वांनी वापरावे. बैठकांचे दिवस रोवणी व कापणी पाहून ठरवावेत. आणि वर्षातून एकदा सर्व संस्थांनी आपल्या याद्या एकत्र ठेवून एकच प्रश्न विचारावा : यांत कोणाचे नाव नाही?

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. ख्रिस्तसभेच्या सामाजिक संस्थांमध्येही आपला प्रकल्प, आपला फलक, आपला अहवाल ही ओढ असते. शेजारच्या गावात दुसरा संघ काय करतो आहे, याची चौकशी करणे आम्हांलाही अनेकदा सुचत नाही. दात्याला पाठवायच्या छायाचित्रात आपलाच हातपंप दिसावा असे वाटणे मानवी आहे. परंतु तहान कोणत्या संस्थेच्या पाण्याने भागली, याचा विचार तहानलेला माणूस करीत नाही.

कामठ्याच्या परिसरातील जुन्या तलावांवर आजही पाळीने पाणी देण्याची रीत माणसांना ठाऊक आहे. टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले तरच पाळी पूर्ण झाली, असे मानणाऱ्या या लोकांना समन्वय म्हणजे काय हे निराळे शिकवण्याची गरज नाही. दात्यांनी आणि आम्हां सर्वांनी त्यांच्यासोबत बसून त्यांची पाळी मान्य करावी, एवढेच आमचे नम्र मागणे आहे.