आचार्य की आचारी? मराठी अक्षरजुळणीतील एक दोष

जबलपूर येथे १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेथील मराठी वस्ती जुनी आहे. नगर मात्र हिंदीभाषी असल्याने मराठी मजकूर हिंदी वळणाच्या हातून संगणकावर जुळविला जाणे स्वाभाविक होय. लिपी एकच असूनही एका ठिकाणी घोटाळा होतो. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. हा अर्धा 'र' हिंदीत नाही. म्हणून त्याच्या जागी रफार आला तरी तो डोळ्यांना खुपत नाही.

याचे मूळ जुन्या टंकांत आहे. पेजमेकरमध्ये (अखेरची आवृत्ती ७, २००१) युनिकोडची सोय नव्हती. देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत व टंकागणिक मांडणी निराळी असे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना रूपांतराच्या कोष्टकात अर्धा 'र' नसेल, तर तो लोपतो किंवा त्याचा रफार होतो.

इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची परिच्छेद-रचना निवडली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरे फुटतात. हा दोष भयंकर दिसतो. पण मूळ मजकूर शाबूत असतो व योग्य रचना निवडताच पान सुधारते. उलट 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, तर पान निर्दोष दिसते आणि अर्थ बुडतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन-तपासनीसही मूक राहतो.

तस्मात् रूपांतरानंतर प्रत्येक 'र्य' व 'र्ह' शोधून हस्तलिखिताशी ताडावा. चूक आढळल्यास 'ऱ', हलन्त व 'य' किंवा 'ह' या क्रमाने अक्षर पुन्हा जुळवावे.