प्रतिजैविकोत्तर योनिकंडू आणि प्रोबायोटिक्सची मर्यादा

प्रतिजैविकांचा क्रम संपतो न संपतो तोच काही स्त्रियांना योनिकंडू, दाह व फाटलेल्या दुधासारखा श्वेतस्राव सुरू होतो. हा बहुधा कँडिडा या बुरशीचा प्रादुर्भाव असतो. चरकोक्त वीस योनिव्यापदांपैकी कफजेतील पिच्छिलता व कंडू ही लक्षणे याच्याशी बरीच जुळतात. तो टाळण्यासाठी प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिक देण्याचा प्रघात आहे. त्याचा आधार तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल निर्माण करून तेथील सामू सुमारे ३.८ ते ४.५ राखतात. प्रतिजैविकांनी हे जंतू घटले की बुरशीस वाव मिळतो, म्हणून ते बाहेरून पुरवावेत, असा हा तर्क आहे. परंतु कँडिडा आम्लातही तग धरते. या विकारात सामू बहुधा प्राकृतच आढळतो. शिवाय विरजणातील जंतू व योनिमार्गातील प्रमुख जंतू जातीने भिन्न आहेत.

२००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातील एक तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत लॅक्टोबॅसिलस मुखावाटे, योनिमार्गे वा दोन्ही मार्गांनी देण्यात आले. २३५ स्त्रियांपैकी ५५ जणींना, म्हणजे सुमारे २३ टक्के स्त्रियांना, हा विकार झालाच. निष्क्रिय औषधाच्या तुलनेत लाभ न दिसल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली.

प्रतिजैविकजन्य अतिसारात प्रोबायोटिक्सची उपयुक्तता बरीच सिद्ध आहे. पथ्य म्हणून ताजे तक्रही अवश्य द्यावे. मात्र त्यामुळे योनिकंडू टळेल, अशी हमी रुग्णेस देऊ नये. दही योनिमार्गात लावण्याचा घरगुती उपायही सुचवू नये.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात. सर्दी-पडशासारख्या विषाणुजन्य विकारात प्रतिजैविक टाळणे, हाच खरा प्रतिबंध होय. मत्स्यगंधी किंवा फेसाळ, पिवळट-हिरवट स्राव असल्यास निदान वेगळे असू शकते. विकार वारंवार उद्भवल्यास रक्तशर्करा तपासावी. गर्भिणीस फ्लुकोनॅझोल मुखावाटे देऊ नये. ज्वर वा ओटीपोटात वेदना असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधुभगिनींनीही प्रथमच तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीस परस्पर औषध न देता तपासणीचा सल्ला द्यावा. संकोचामुळे ती आधी दुकानाचीच पायरी चढते. तेथे मिळालेल्या योग्य सल्ल्याने एखादीचा अज्ञात मधुमेहही वेळीच उघड होऊ शकतो.