घटक ४ : मोबाईल कार्यप्रणाली आणि विजेचे व्यवस्थापन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• मोबाईलची कार्यप्रणाली वीज कशी वाचवते, हे सांगता येईल;
• वीजबचत आणि वेळेवर मिळणारी सूचना यांतील ताण स्पष्ट करता येईल;
• तांत्रिक विषय मराठीतून मांडताना संज्ञांची निवड कशी करावी, हे समजेल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृत ‘विज्जु’ आणि मराठी ‘वीज’ अशी या शब्दाची वाट आहे. तो मूळचा आकाशातल्या विजेचा. तारेतून येणारी शक्ती हा त्याचा नंतरचा अर्थविस्तार. प्रस्तुत घटकात हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. मोबाईलमधील वीज वाचवताना आकाशातील विजेची सूचना हुकू शकते, ती कशी, हे येथे पाहावयाचे आहे.

४.३ वीज कोठे खर्च होते?

पडदा, प्रोसेसर आणि रेडिओ हे मोबाईलमधील विजेचे मुख्य ग्राहक होत. प्रोसेसरचा खर्च त्याच्या गतीच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून काम हलके असेल तेव्हा कार्यप्रणाली गती व दाब दोन्ही उतरवते. रेडिओची गोष्ट निराळी. लहानसा संदेश पाठवला तरी तो त्यानंतर काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे दहा संदेश वेगवेगळ्या वेळी पाठवणे हे एकदम पाठवण्यापेक्षा महाग पडते. मनोऱ्याचा संकेत क्षीण असेल, तर हा खर्च आणखी वाढतो.

४.४ डुलकी

२०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ ही व्यवस्था आली. तिचा शब्दशः अर्थ ‘डुलकी’. फोन चार्जरला जोडलेला नाही, पडदा बंद आहे आणि फोन बराच वेळ जागचा हललेला नाही, असे दिसले की कार्यप्रणाली अ‍ॅपचे इंटरनेट थांबवते व त्यांची कामे पुढे ढकलते. मधून मधून ती थोडा वेळ जागी होते, साचलेली कामे एकत्र उरकते आणि पुन्हा डुलकी घेते. या जागण्यांमधील अंतर क्रमाने वाढत जाते. दूरध्वनी आणि गजर यांना मात्र ही डुलकी अडवत नाही.

४.५ अ‍ॅपची प्रतवारी

२०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून कार्यप्रणाली आपल्या सवयी पाहून अ‍ॅपचे गट पाडते. रोज उघडले जाणारे अ‍ॅप वरच्या गटात आणि क्वचित उघडले जाणारे खालच्या गटात जाते. गट जितका खालचा, तितकी मर्यादा कडक. पुढे अकराव्या आवृत्तीत काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोय आली. बाराव्या आवृत्तीत अशा अ‍ॅपला दीर्घ निद्रेत टाकले जाऊ लागले. त्या अवस्थेत त्याला सूचनाही मिळत नाहीत. या सर्व व्यवस्थेमागे एक गृहीतक आहे : जे वारंवार वापरले जात नाही, ते महत्त्वाचे नाही.

४.६ एक उदाहरण : ‘दामिनी’

हे गृहीतक कोठे फसते ते पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे अ‍ॅप तयार केले आहे. फोनच्या स्थानावरून ते २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या शिवारात काम करणाऱ्या शेतकऱ्याची कल्पना करा. पावसाळा संपल्यावर त्याला हे अ‍ॅप उघडण्याचे कारण उरत नाही. मधले कित्येक महिने ते पडून राहते. कार्यप्रणालीच्या लेखी ते निरुपयोगी ठरते आणि स्थान पाहण्याची त्याची परवानगी जाऊ शकते. मग एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी ढग दाटतात, तेव्हा अ‍ॅप फोनमध्ये असूनही मुके राहण्याचा संभव असतो. ‘बॅटरी सेव्हर’ चालू असेल, तर अनेक फोनांत पडदा बंद असताना स्थानसेवाही थांबते.

यावर उपाय साधा आहे. उन्हाळ्याच्या आरंभी अ‍ॅप एकदा उघडावे, स्थानाची परवानगी तपासावी, न वापरल्यास परवानगी काढण्याची सोय त्या अ‍ॅपपुरती बंद करावी आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्यास निर्बंधातून वगळावे. बॅटरी थोडी लवकर उतरेल, हे मान्य करावे. तरीही सूचना आली नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. गडगडाट ऐकू येताच झाड सोडून पक्क्या घराचा आश्रय घ्यावा.

४.७ संज्ञांविषयी

या घटकात ‘बॅटरी’, ‘अ‍ॅप’, ‘चार्जर’ हे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. ‘डोझ’चा अर्थ मात्र ‘डुलकी’ने उलगडला आहे. ‘अल्पकालिक निष्क्रियावस्था’ असा शब्द योजला असता, तर मधून मधून जाग येण्याची कल्पना हरवली असती. जी संज्ञा वस्तूची वागणूक वाचकाच्या मनात उभी करते, तीच स्वीकारावी.

४.८ सारांश

वीजव्यवस्थापन म्हणजे कोणते काम थांबू शकते, याचा निर्णय. कार्यप्रणाली तो सवयींवरून घेते. परंतु क्वचित लागणारी गोष्ट जीवनावश्यक असू शकते, हे तिला कळत नाही. तो विवेक वापरणाऱ्यानेच करावयाचा असतो.

४.९ स्वाध्याय

१. ‘डोझ’ व्यवस्थेचे कार्य पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. वापराच्या सवयींवरून अ‍ॅपचे महत्त्व ठरवण्याच्या मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील वाचकांसाठी ‘दामिनी’ची सेटिंग तपासण्याविषयी शंभर शब्दांचे सूचनापत्रक तयार करा.