जुन्या गाडीसाठी वेल्डिंग मशीन घेताना



बचत गटाकडे येणारी कर्जाची कारणं आपल्याला पाठ झाली आहेत. शेळ्या, शिलाई मशीन, पोरीची फी. पण एखाद्या बैठकीत एखादी ताई म्हणते, "सासऱ्यांची जुनी जीप अंगणात उभी आहे, पत्रा सडला. मुलगा घरीच दुरुस्त करतो म्हणतो, त्याला वेल्डिंग मशीन पाहिजे." आपण लगेच किंमत आणि हप्ता विचारतो. त्याआधी विचारा, जोडायचा पत्रा किती जाड आहे?

महिंद्राने मुंबईत 1947 पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. या जीपची चेसी वेगळी, जाड लोखंडाची असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, हिची गोष्ट वेगळी. तिला वेगळी चेसीच नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालची पट्टी हेच गाडीचं वजन पेलतात. आधार न देता ती पट्टी कापली तर गाडी मधून वाकते, मग दार बंद होत नाही. एवढं काम नवशिक्या मुलाच्या हाती देऊ नये, मशीन कितीही चांगलं असो.

आता मशीन. गावातल्या ग्रिल-गेटवाल्याकडे असतं ते रॉडचं मशीन. आजकाल छोटं इन्व्हर्टर मशीन मिळतं, एका हाताने उचलता येतं, स्वस्तही पडतं. जीपची चेसी, ट्रॉलीचा हुक, नांगराचा फाळ, यांना हे उत्तम. पण गाडीचा वरचा पत्रा एक मिलीमीटरच्या आसपास असतो, गंजून आणखी पातळ झालेला. त्यावर रॉड टेकवला की भोक पडतं. भोक बुजवायला जावं तर मोठं भोक. फार कसलेला हात असेल तरच जमतं.

पातळ पत्र्यासाठी तारेचं मशीन लागतं, बाजारात त्याला सीओटू मशीन म्हणतात. बटण दाबलं की बारीक तार आपोआप पुढे येते आणि वितळते, सोबत सिलिंडरमधला गॅस जोडाला हवेपासून वाचवतो. गाडीच्या पत्र्याला 0.6 किंवा 0.8 मिलीमीटरची तार वापरतात. उघड्या अंगणात वारा आला की गॅस उडून जातो आणि जोड पोकळ होतो, म्हणून आडोसा हवा. पण खोली पूर्ण बंदही नको, हा गॅस जड असतो, खाली साचतो आणि जीव गुदमरतो. बिनागॅसची तारही मिळते. ती पातळ पत्र्यावर जास्त तापते, ठिणग्याही फार उडवते.

काम कसं करायचं ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. एका टोकापासून सरळ शिवत गेलं की कापडाला चुण्या पडतात ना, तसाच पत्रा उष्णतेने वाकतो. आधी दूर-दूर टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधले भरायचे.

मशीनवर मोठ्या अक्षरात 200 अँपिअर लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. शेजारी टक्के लिहिले असतील ते वाचा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा, चार मिनिटं थंड होऊ द्या. आपला मिक्सर तापून बंद पडतो, तसंच हे. पातळ पत्र्याला तर 80 अँपिअरही पुष्कळ झाले. पण तेवढ्यावरसुद्धा मशीन दोन किलोवॅटहून जास्त वीज ओढतं. आपल्या ऊर्जानगरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, तरी आपल्या घरातली तार बारीकच! वीजबिलावरचा मंजूर भार पाहा, पॉवर प्लगची वायर आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. हा खर्चही कर्जाच्या हिशोबात धरा.

दुकानदाराकडून एकूण किंमत लिहून घ्या. सीओटू मशीनला सिलिंडर, त्याची अनामत, रेग्युलेटर, तार, काळ्या काचेचं हेल्मेट आणि ग्राइंडर लागतोच. गाडीचा कापलेला पत्रा सोबत न्या आणि दुकानातच जोडून दाखवा म्हणा. जोडून दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका. आणि एकाच गाडीचं काम असेल तर माझं मत, मशीन घेऊच नये. चेसीचं काम वेल्डरला द्यावं, पत्र्यासाठी डेंटरला दोन दिवस घरी बोलवावं.

आरसी बुकही बैठकीत मागा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचा नियम 2021 मध्ये आला, त्याची फी 20,000 रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. म्हणजे "भाडं मारून हप्ता फेडू" हे तिथे चालणार नाही. हप्ता कुठून येणार, ते आधी ठरवा.

काम सुरू व्हायच्या आधी बॅटरीची वायर काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी जास्त घातक, आतल्या वाफेचा स्फोट होतो. टाकीला वेल्डिंग घरी करूच नये. नायलॉनची साडी किंवा ओढणी घालून जवळ उभं राहू नका. लेकरांना तो उजेड बघू देऊ नका. तेव्हा काही वाटत नाही, पण काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि पाणी वाहतं. असं झालं तर डोळे चोळू नका, घरगुती औषध घालू नका, डॉक्टरांना दाखवा.