तुरीची मर आणि एक जुना खटला

उरणजवळचं जासई म्हटलं की लोकांना १९८४चं शेतकरी आंदोलन आणि त्याचे नेते दि. बा. पाटील आठवतात. मला त्यांच्याबरोबर भातखाचराच्या बांधावरची तूरही आठवते. शेंगा धरायच्या सुमारास एखादं झाड उभ्याउभ्या वाळतं, शेजारचं मात्र हिरवंगार. ‘मर लागली’ म्हणायचं, उपटायचं आणि फेकायचं. फेकण्याआधी बुंध्याची साल नखाने खरवडून पाहावी. आत लाकडात काळ्या रेघा दिसतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथेच तुंबलेल्या असतात. कधी एकच बाजू वाळते आणि त्याच बाजूने खोडावर जांभळट पट्टा चढलेला असतो.

या रेघांचा गुन्हेगार कोण, यावर एक खटलाच चालला. अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९९ मध्ये कापूस, कलिंगड आणि चवळीच्या मरीचं खापर निओकॉस्मोस्पोरा या बुरशीवर फोडलं होतं. फ्युजेरियम ही बुरशी म्हणजे तिचंच दुसरं रूप, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या माणसाचा शब्द, म्हणून तो खपला. बिहारातल्या पुसा इथे बसलेले एडविन बटलर मात्र तो मानायला तयार नव्हते. हे आयरिश गृहस्थ शिकले होते डॉक्टरकी. त्यांनी दोन्ही बुरश्या वेगळ्या वाढवल्या आणि निरोगी तुरीला लावून पाहिल्या. निओकॉस्मोस्पोराने झाड मरेना. ती मेलेल्या मुळांवर जगणारी निघाली. फ्युजेरियमने मात्र झाड मारलं. १९१०च्या प्रबंधात बटलरांनी तिला ‘फ्युजेरियम उडम’ नाव दिलं. मला हा प्रबंध कुठल्याही रहस्यकथेपेक्षा सरस वाटतो.

तूरही मुकाट मरत नाही. रेडिंग विद्यापीठाच्या जॉन इंगहॅम यांनी १९७६ मध्ये बुरशी लागलेल्या तुरीच्या खोडातून कॅजॅनॉलसारखी बुरशीविरोधी द्रव्यं वेगळी केली. अशी द्रव्यं झाड आधीपासून साठवून ठेवत नाही, हल्ला झाल्यावर बनवतं. म्हणून सगळा खेळ वेळेचा. नळ्यांमध्ये डिंक भरून झाड बुरशीची वाटही अडवतं. पण त्याच नळ्यांतून पाणी जायचं असल्याने वाळण्यात या बचावाचाही हात असतो.

बुरशीही कमी नाही. घेवडावर्गीय पिकं कीव्हिटोन नावाचं असंच बुरशीविरोधी द्रव्य बनवतात. आपला वालही बनवतो. घेवड्याची मुळं कुजवणारी फ्युजेरियम या कीव्हिटोनला पाण्याचा एक रेणू जोडते आणि त्याचं विष बोथट करते.

प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्याने ज्वारीत तुरीचे पाटे धरले होते. अशा मिश्र पिकात मर कमी लागते, हे पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या प्रयोगांत दिसलं. ज्वारीच्या मुळांतून झिरपणारं हायड्रोसायनिक आम्ल बुरशीला जाचत असावं, असा एक तर्क आहे.

जालन्याजवळच्या बदनापूर संशोधन केंद्राने मरीला तोंड देणारा बीएसएमआर ७३६ हा तुरीचा वाण दिला. असे वाण निवडायला बुरशीने मुद्दाम भरलेल्या जमिनीत रोपं लावतात. टिकेल ते ठेवायचं. पण चाळणीत घालायला आधी तऱ्हेतऱ्हेचं गावठी बियाणं लागतं. उरण-पनवेलच्या खाचरांवर कंटेनरची आवारं उभी राहिली, खाचरांबरोबर बांधही गेले. उरलेल्या बांधांवरची मूठमूठ तूर कुणीतरी गोळा करून त्या मरक्या मातीत पेरून पाहावी. नव्या वाणांच्या जाहिरातींपेक्षा हा खर्च मला जास्त शहाणपणाचा वाटतो.