गेमबॉयवरची चीट-कोड यंत्रे

गेम जीनी हे चीट-कोड यंत्र खेळाचे कार्ट्रिज आणि निन्टेन्डोचा हातात धरायचा गेमबॉय यांच्या मध्ये बसते. कार्ट्रिजमधला मूळ खेळ बदलत नाही; प्रोसेसरने ठरावीक पत्त्यावरचा आकडा मागितला, की यंत्र मधल्यामध्ये स्वतःचा आकडा पुढे करते. ‘एक जीव वजा कर’ ही आज्ञाच अशी निकामी होते. ॲक्शन रिप्ले, गेमशार्क या यंत्रांची तऱ्हा निराळी: ती चालू मेमरीत तोच आकडा पुन्हापुन्हा लिहितात. चुकीच्या कोडने खेळ अडकतो, कधी सेव्ह केलेला डावही बिघडतो. टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो खेळयंत्रासाठीच्या गेम जीनीवरचा अमेरिकेतला खटला निन्टेन्डो १९९२ मध्ये अपिलातही हरली, हे बरेच झाले.

अहमदनगरसारख्या (आता अहिल्यानगर) शहरांत त्या दशकात मुलांच्या हाती बहुधा ठोकळ्यांचा ब्रिक गेम असे. त्याला कार्ट्रिजची खाचच नव्हती, मग चीट-कोड यंत्र बसवणार कुठे? सुरुवातीला वेग नि पातळी निवडता येई, तेवढीच मुभा.